येतो म्हणालो होतो

४ सप्टेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. बोलायला कुणी नाही म्हणून नव्हे. परदेशात शिकायला आलेल्या माणसाने विचार नोंदवून ठेवावेत, पुढे उपयोग होतो.

खोली ठीक आहे. एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची. केअरटेकरकडे दुसरी खुर्ची मागितली. तो म्हणाला, खोली एकट्यासाठी आहे. म्हटलं, पाहुणे आले तर? हसला. उद्धट माणूस.

संकल्प एकच. टर्म संपायच्या आत इथल्या एका तरी माणसाच्या घरी बसून चहा प्यायचा. कॅन्टीनचा नाही, हॉटेलचा नाही, घरातला. आई निघताना म्हणाली होती, ज्याच्या घरी चहा प्यायलास तो आपला, बाकी सगळी रस्त्यावरची माणसं. आईचं तत्त्वज्ञान बाळबोध आहे, पण सोपं आहे. आठवडाभरात उरकून टाकतो. मग अभ्यास.

६ सप्टेंबर, शुक्रवार

किचन आणि बाथरूम समोरच्या खोलीवाल्याबरोबर सामायिक. दारातून वाकून आत येतो इतका उंच. नाव सांगितलं होतं, पण जिभेवर बसलं नाही. लांबू म्हणतो. मनात.

लांबूने चहा केला. मला विचारलं, घेणार का? मी नको म्हणालो. म्हणजे म्हणायचं म्हणून म्हणालो. त्याने बरं म्हटलं, डबा बंद केला, कपाटात ठेवला, आणि माझ्यासमोर बसून एकटा प्यायला. फुर्र करून.

एकदाच विचारलं! आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नको म्हटल्यावर कप भरतात, आणि चौथ्यांदा म्हटलं तर दोन कप भरतात. या लोकांना आग्रह म्हणजे काय ते माहीतच नाही. तसाही तो आमच्याच किचनमधला चहा. संकल्पात धरता आला नसता.

९ सप्टेंबर, सोमवार

तळमजल्यावर एक आजी राहतात. एकट्याच असाव्यात. दोन जड पिशव्या घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी उचलून दारापर्यंत नेल्या. आपले संस्कार. त्यांनी आत बोलावलं, चहाचं काहीतरी म्हणाल्या. मी अर्थातच नको नको म्हटलं. पहिल्या भेटीत लगेच पाय पसरून बसणारा मी नव्हे. पण तसंच तोंड फिरवून निघणं बरं दिसत नाही. म्हणून आपल्या रीतीने, त्यांच्या भाषेत, स्वच्छ उच्चारात म्हणालो, येतो.

आजींचा चेहरा एकदम खुलला. भाषेच्या कोर्सात क्रियापदांना पैकीच्या पैकी मिळाले होते, ते वाया गेले नाहीत.

नियम केला: रोज सकाळी बाहेर पडताना आजींना येतो म्हणायचं. मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

१५ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. जेवतोस का, झोपतोस का, कुणी मित्र झाले का? म्हटलं, ग्रुप आहे आमचा. किती जणांचा? सहा. सहा का म्हणालो कळत नाही. दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताई मागून ओरडली, ग्रुपचा फोटो पाठव. ताई लहानपणापासून संशयी आहे.

कुणाच्या घरी गेलास का चहाला, असं आईने विचारलं. म्हटलं, बोलावणी खूप आहेत, वेळ काढायला हवा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लॅब सुरू. काम काँक्रीटचं. सिमेंट, वाळू, खडी ठरलेल्या मापाने कालवायची, लोखंडी साच्यात ठोकळे पाडायचे, पाण्याच्या टाकीत पक्के व्हायला ठेवायचे, मग मशीनखाली दाबून फोडायचे. किती भार सोसून फुटतो ते लिहायचं. गाईड म्हणाले, या कामाला संयम लागतो. म्हटलं, माझ्याकडे दुसरं आहे काय.

आज कुणाशीही बोललो नाही. ठोकळ्यांवर नंबर टाकताना दोन-तीन शब्द बोललो असेन. ते धरत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लॅब असिस्टंट आज घुश्शात. काल सगळ्यांच्या शेवटी मी निघालो, त्याला नीट येतो म्हणून निघालो. तरी हा म्हणे दिवे लावून, किल्ल्या हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. आज म्हणाला, माणसाने बोलेल तसं वागावं. कशाबद्दल बोलत होता देव जाणे. घरी भांडण झालं असेल. लोक घरचा राग लॅबमध्ये काढतात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तळमजल्यावरच्या आजी पाळत ठेवतात. संध्याकाळी मी येतो तेव्हा त्यांचं दार रोज अर्धं उघडं असतं, आणि त्या आत टेबलाशी ताठ बसलेल्या. माझी पावलं वाजली की मान वर. मी नजर चुकवून जिन्याने वर. कुणाच्या चौकशा नकोत. नाव ठेवलं: चौकी.

सकाळी येतो म्हणणं मात्र चालू आहे. माणूस कसाही असो, आपण आपली पायरी सोडू नये.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज चौकीच्या दारातून टेबल दिसलं. वर धुतलेलं कापड. दोन कप, दोन बश्या, मध्ये बिस्किटं, किटलीवर लोकरीची टोपी.

दोन कप.

म्हणजे हिच्याकडे रोज कुणीतरी येतं. या वयात! आणि इथे माझ्यासारखा तरुण, हुशार, चांगल्या घरचा मुलगा वर जाऊन ब्रेडला जॅम लावतो. एकेकाचं नशीब. कोण असेल तो? त्याच्यासाठी दार उघडं ठेवून बसते. असं कुणी आपल्यासाठी बसत नाही. आई बसायची.

६ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं, ग्रुपबरोबर डोंगरावर गेलो होतो. धावायला गेलो होतो हे खरं आहे. कोपऱ्यापर्यंत. पुढे चढ होता.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आता हातपाय हलवायचे. नोटीस बोर्डावर होतं, खेळांची संध्याकाळ, सर्वांचं स्वागत. पत्ते, सोंगट्या, कॅरमसारखं काहीतरी. जातोच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो होतो. सगळे आधीच जोडीजोडीने बसलेले. कुणी मान वर केली नाही. मी कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभा राहिलो, तिथून सगळं नीट दिसतं. थोड्या वेळाने एका मुलीने येऊन तिचा कोट मागितला. मी दिला. मग तिच्या मित्राचा दिला. मग दोघातिघांचे दिले. सगळ्यांनी आभार मानले.

एकूण पाच जणांशी बोलणं झालं. वाईट नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आईला पाच नवीन ओळखी झाल्याचं सांगितलं. खरं तेच सांगितलं. ताई म्हणाली, मग फोटो? म्हटलं, इथे लोकांना न विचारता फोटो काढत नाहीत. ताई म्हणाली, मग विचार की. हिच्या नवऱ्याची कीव येते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

थंडी. चार वाजताच अंधार. ठोकळ्यांची पहिली तुकडी फोडली. तीन चांगले, एक कच्चा. कच्चा ठोकळा दिसायला इतरांसारखाच होता. मशीनखाली गेल्यावर कळलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

चौकीचं दार आता संध्याकाळी बंद असतं. सकाळी येतो म्हटलं तर ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघते. काय घोडं मारलंय मी हिचं? तिचा तो पाहुणा येईनासा झाला असेल. त्याचा राग माझ्यावर! वड्याचं तेल वांग्यावर.

पण तो माणूस नालायकच म्हणायला हवा. रोज कुणी कप मांडून बसतं आणि याला यायला होत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

लांबू आज स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेला. चौकीची पडद्याची दांडी निसटली म्हणे. बराच वेळ वर आलाच नाही. एका दांडीला इतका वेळ? कामात काही दम नाही या मुलाच्या.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा!

लांबू स्वतःहून बोलला. मी भांडी घासत होतो. त्याने विचारलं, तू बाहेर जाताना येतो असं का म्हणतोस? मी नळ बंद केला, हात पुसले, खुर्चीवर बसलो आणि त्याला सगळं सविस्तर समजावून दिलं. आमच्या भाषेत निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अभद्र. गेला म्हटलं की वारला असा अर्थ होतो. म्हणून जाणारा म्हणतो येतो, आणि घरचे म्हणतात ये. केवढी मोठी संस्कृती एका क्रियापदात बसली आहे! मग ओघाने आमची आई दाराशी कशी उभी राहते ते सांगितलं, आजोळच्या अंगणातून निघायला आम्हाला दीड तास कसा लागायचा तेही सांगितलं.

लांबूने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, म्हणजे तू येतो म्हणालास की समजायचं, तू चाललास. म्हटलं, अगदी बरोबर! हेच!

इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी माझं म्हणणं पूर्ण कळलं. भांडी तशीच राहिली. राहू देत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चौकी हसली. सकाळी येतो म्हणालो तर तिने चक्क खिडकीतून हात हलवला, आगगाडीतल्या माणसाला हलवतात तसा. माझ्या रोजच्या चांगल्या वागण्याचा हा परिणाम. थेंबे थेंबे तळे साचे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

खोलीतला हीटर बंद पडला म्हणून केअरटेकर आला होता. काम करता करता त्याने विचारलं, तळमजल्यावरच्या बाईंकडे गेलास की नाही कधी? म्हटलं, मी कशाला जाऊ? तो स्क्रू पिळायचा थांबला. म्हणाला, तू रोज सकाळी त्यांना येतो म्हणून सांगायचास ना? त्या रोज संध्याकाळी चहा मांडून बसायच्या. मला दोनदा विचारलं त्यांनी, वरचा मुलगा आजारी तर नाही ना? मग म्हणाल्या, आजारी नाही, मला खेळवतोय. येतो म्हणतो आणि माझ्या दारावरून खाली मान घालून निघून जातो.

हीटर सुरू झाला. केअरटेकर गेला.

२१ नोव्हेंबर, त्याच दिवशी, पुन्हा

तो दुसरा कप माझा होता.

मी ज्याला नालायक म्हणालो तो मीच. सप्टेंबर, ऑक्टोबर, रोज. मी वर खोलीत एका खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होतो आणि खाली माझ्या नावाचा चहा निवत होता. मला इथे फार एकटं वाटतं. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल भावनेच्या भरात थोडं जास्त लिहिलं गेलं. शांतपणे विचार केला तर माझी चूक काय? मी निरोप घेत होतो. समोरच्याने तो निरोप आहे हे ओळखायला नको? रोज सकाळी पाठीवर बॅग घेऊन निघणारा माणूस येतो म्हणतो म्हणजे काय चहाला येतो? आणि चहा मांडलाय तर हाक मारायची. एक हाक. आमच्याकडे हात धरून बसवतात.

पण झालं ते एका परीने बरंच झालं. संकल्प जवळजवळ पूर्ण झाल्यात जमा आहे. चहा तयार, कप तयार, माणूस तयार. फक्त जाऊन बसायचं. उद्या शनिवार. उद्याच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शर्टाला इस्त्री नव्हती. तसं जाणं बरं नव्हे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं, पुढच्या शनिवारी एका आजींकडे चहाला जातोय. हे पहिलं खरं वाक्य असल्यामुळे बोलताना अडखळलो. आई इतकी खूश झाली की रडली. म्हणाली, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पाया पडतात का रे तिकडे? नसतील पडत तर वाकून नमस्कार तरी कर. ताई या वेळी फोटोबद्दल काही बोलली नाही. तिला आवाजावरून कळतं.

आता जाणं भाग आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

ठोकळे फोडायची तारीख नेमकी आजची आली. ठोकळे थांबत नाहीत. माणसं थांबतात. (असिस्टंट म्हणाला, सोमवारी फोडले तरी चाललं असतं. आधी सांगायचं.)

१ डिसेंबर, रविवार

आईचा फोन घेतला नाही. नंतर मेसेज केला, ग्रुपबरोबर आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

बिस्किटांचा डबा आणला. पत्र्याचा, महाग, झाकणावर फुलं. दुकानदार बाईने विचारलं, भेट द्यायचा आहे का? म्हटलं, हो. तिने त्याला रिबन बांधली. रिबन बांधून देताना हसली. हे शहर तसं वाईट नाही.

आजींना चौकी म्हणणं आजपासून बंद. आजी.

पुढच्या आठवड्यात टर्म संपते. या शनिवारी किंवा कधीच नाही.

७ डिसेंबर, शनिवार, सकाळ

इस्त्री केली. दाढी केली. लायब्ररीत पुस्तकं परत करायला निघताना आजींच्या खिडकीशी मुद्दाम थांबलो. त्यांच्या डोळ्यांत बघून, एकेक अक्षर मोकळं करून म्हणालो, आज संध्याकाळी येतो. आजवर इतक्या वेळा म्हणालो, पण मनापासून आजच. चहाला येतो वगैरे फोड करून सांगितली नाही. मनापासून बोललेलं पोचतं.

आजींनी हसून हात हलवला. डोकंही हलवलं. पोचलं.

७ डिसेंबर, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

खाली गेलो. बेल वाजवली. कुणी नाही. पुन्हा वाजवली. आत दिवाही नाही. जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलो. दोनदा जिन्यातला दिवा आपोआप विझला, उठून लावला. तिसऱ्यांदा उठलो नाही.

मग फाटक वाजलं. आजी आल्या. त्यांच्या हाताला धरून लांबू. दोघांचे गाल थंडीने लाल, दोघं कशावर तरी हसत होते. लांबूच्या गळ्यात हाताने विणलेला मफलर. त्याच लोकरीची टोपी किटलीवर पाहिली होती.

मला बघून आजी दचकल्या. म्हणाल्या, अरे, तू गेला नाहीस? सकाळी तर येतो म्हणालास! मग त्यांनीच हौसेने सांगितलं, की या मुलाने मला सगळं समजावलं, तुमच्यात येतो म्हणजे जातो. केवढी गोड पद्धत! दोन महिने वाट बघून मी उगीच रागावले होते तुझ्यावर. आता मुळीच वाट बघत नाही. आज तर तू संध्याकाळी येतो म्हणालास, म्हणून मला वाटलं, संध्याकाळी बाहेरगावी चाललास. तर मीही बाहेर पडले.

लांबू माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी शिकवलेलं त्याने बरोबर सांगितलं होतं. एक शब्द चुकवला नव्हता.

आजींनी दार उघडलं, दिवा लावला. टेबल, धुतलेलं कापड, दोन कप. लांबूने कपाट उघडून तिसरा काढला. कुठे काय असतं ते त्याला ठाऊक होतं. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, आत ये, चहा घे.

इतकी सोपी गोष्ट होती. एक उंबरठा.

आणि माझ्या तोंडातून निघालं, नको नको, तुम्ही दमून आलात, उगीच कशाला त्रास.

मी थांबलो. दारात उभा राहिलो, डबा हातात, चेहऱ्यावर हसू. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत. मनात हो तयार होतं, जिभेवर आणून ठेवलं होतं. आजी म्हणाल्या, बरं, जशी तुझी इच्छा. लांबूने तिसरा कप परत कपाटात ठेवला.

मग काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाने सवयीने म्हटलं, येतो.

दोघांनीही हात हलवला.

वर आल्यावर लक्षात आलं, डबा हातातच राहिला. रिबन न सोडता बाजूने झाकण उचकटलं. बिस्किटं सादळलेली नव्हती. चांगली होती.

८ डिसेंबर, रविवार

लांबू सकाळपासून खोलीत नाही. खालून दोघांचं हसू ऐकू येतं. खिडकी लावून घेतली. थंडी आहे.

आईचा फोन. घेतला. पहिलाच प्रश्न, गेला होतास का? म्हटलं, गेलो होतो. बोलावलं का आत? म्हटलं, बोलावलं. दारात उभं राहून म्हणाल्या, आत ये, चहा घे. यात एक अक्षर खोटं नाही. मग काय म्हणालास? म्हटलं, नको म्हणालो.

आई खूश झाली. म्हणाली, शहाणं माझं बाळ, परदेशात गेलं तरी वळण विसरलं नाही. पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग आग्रह केला असेल ना रे त्यांनी?

म्हटलं, हो. खूप केला.